नोंद न करता ठाण्यात ठेवले, तर वकील नेमके काय करू शकतो?

विचारणा (सुदामानगर, इंदूर)

माझ्या १९ वर्षांच्या भाच्याला मोबाईल चोरीच्या चौकशीसाठी मंगळवारी रात्री साडेनऊला ठाण्यात नेले आणि गुरुवारी सकाळी अकराला सोडले. मधल्या काळात त्याला न्यायालयात हजर केले नाही, की अटकेचा कोणताही कागद दिला नाही. बुधवारी दुपारी बहीण डबा घेऊन गेली, तेव्हा फाटकावरच्या शिपायाने डबा आत घेतला, पण तिला मुलाला भेटू दिले नाही. आता त्याचे तळपाय इतके सुजले आहेत की पायात चप्पल जात नाही. सोडताना बहिणीच्या यजमानांकडून ‘मुलगा धडधाकट स्थितीत ताब्यात मिळाला’ अशा सुपुर्दगीनाम्यावर सही घेतली. आपणच सही केल्यावर आता बोलायला तोंड उरले नाही, असे ते म्हणतात. वकिलाकडे जाण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद १ (वकील, उच्च न्यायालय, इंदूर खंडपीठ)

ताई, आधी आजच्या आज त्याला शासकीय रुग्णालयात न्या आणि मार कशाने व कुठे बसला, हे त्यालाच डॉक्टरांना सांगू द्या. सूज उतरते, वळ फिके पडतात, आणि मग ‘कुठेतरी पडला असेल’ असे म्हणायला समोरचे मोकळे होतात.

सुपुर्दगीनाम्याची धास्ती घेऊ नका. अशा प्रकरणांत ‘आम्ही त्याला आणलेच नव्हते’ हे पोलिसांचे ठरलेले उत्तर असते आणि ते खोडण्यातच आमची निम्मी शक्ती खर्च होते. तुमच्या बाबतीत मात्र मुलगा आपल्या ताब्यात होता, हे ठाण्याने स्वतःच्या कागदावर लिहून दिले आहे. ‘धडधाकट’ या शब्दाला वैद्यकीय तपासणीचा कागद उत्तर देईल.

आता सिद्ध करायचे ते एवढेच, की तो मंगळवार रात्रीपासून तिथे होता. कारण राज्यघटनेचा अनुच्छेद २२ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (अटक, तपास व खटल्याची कार्यपद्धती ठरवणारा कायदा) हिचे कलम ५८ यांनुसार दंडाधिकाऱ्यापुढे हजर न करता, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांपलीकडे कोणालाही ठेवता येत नाही. ठाण्याचे मुख्य फाटक, कोठडी आणि वऱ्हांडा या सर्व ठिकाणी सीसीटीव्ही असावा आणि चित्रण शक्यतो १८ महिने, निदान एक वर्ष जपावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २०२० मध्ये दिला आहे. म्हणून मंगळवार ते गुरुवारचे चित्रण जपून ठेवावे असा लेखी अर्ज ठाण्यात आणि पोलीस आयुक्तांकडे द्या, आवक शिक्का घेतल्याशिवाय परतू नका, आणि बहीण डबा घेऊन फाटकावर उभी होती ती वेळ त्यात आवर्जून लिहा. तो डबा तुमचा मोठा साक्षीदार आहे.

त्यानंतरच पुढचे मार्ग येतात. दंडाधिकाऱ्यांकडे त्याच संहितेच्या कलम १७५(४) खाली तपासाची मागणी करता येते. वरिष्ठ अधिकाऱ्याचा अहवाल आणि संबंधित पोलिसाचे म्हणणे पाहून ते आदेश देतात. भरपाईसाठी उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका होते. १९९३ च्या निलाबती बेहेरा प्रकरणात कोठडीत मुलगा गमावलेल्या आईचे पत्रच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले आणि दीड लाख रुपये भरपाई दिली. मूलभूत हक्काच्या भंगापुढे राज्याला सार्वभौमत्वाची ढाल, म्हणजे ‘सरकारवर दावा चालत नाही’ हा बचाव, पुढे करता येत नाही, हे तिथेच स्पष्ट झाले.

प्रतिसाद २ (निवृत्त शासकीय कर्मचारी, रामबाग)

वकीलसाहेबांच्या म्हणण्यात एक भर घालतो. सुपुर्दगीनाम्याची आणि त्या तीन दिवसांच्या रोजनामच्याची (ठाण्याच्या दैनंदिन नोंदवहीची) प्रत माहिती अधिकारात आजच मागा. राज्य मानवाधिकार आयोगाकडेही अर्ज करता येतो, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही, हे ध्यानात ठेवून. फीची अडचण असेल तर बहिणीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नसते. आणि घरी कोणी ‘मिटवून टाका’ म्हणत आले, तर कोऱ्या कागदावर सही अजिबात करू नका. लोक दमून सह्या करतात, हे मी पाहिले आहे.

विचारणाऱ्यांचे उत्तर

बहिणीच्या यजमानांनी सही केल्यावर त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला होता, हे त्यांना आता आठवले. त्यात तारीख, ‘सकाळी ११’ ही वेळ आणि खाली ठाण्याचा शिक्का वाचता येतो. आम्ही रुग्णालयात निघालो आहोत. अर्जाचा मसुदा रात्री इथेच टाकते, कृपया तपासून द्यावा.