साइन-अप बोनसवर भारतवारी : खरंच परवडते का? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

जमाखर्च :

अमेरिकेतल्या मराठी घरात घराचा हप्ता आणि पाळणाघर सोडलं, तर सगळ्यात मोठा एकरकमी खर्च भारतवारीचा. डिसेंबरात चौघांची तिकिटं काढली की सहा-सात हजार डॉलर गेलेच. अशा वेळी एखादी बँक नवीन क्रेडिट कार्डावर, ठरलेला खर्च केला की, विमानाच्या तिकिटाला चालणारे पाऊण लाख पॉइंट साइन-अप बोनस म्हणून देत असेल, तर ते नाकारायचे कशासाठी? दरमहा बिल पूर्ण भरणाऱ्या माणसाने साइन-अप बोनस सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रोजच्या किराण्यावर पॉइंट गोळा करून विमान चढता येत नाही. खरी मिळकत पहिल्या तीन महिन्यांतच असते.

चेस या अमेरिकी बँकेचं सफायर प्रिफर्ड हे कार्ड घ्या. वार्षिक फी ९५ डॉलर. ऑफर वर-खाली होत असते, पण तीन महिन्यांत ५,००० डॉलर खर्चावर ७५,००० पॉइंट ही नेहमी दिसणारी. डॉलरला एक पॉइंट या दराने तेवढे जमवायचे तर ७५,००० डॉलर खर्चावे लागतील.

लोक फसतात ते बारीक अक्षरांत. तीन महिने मोजले जातात ते अर्ज मंजूर झाल्या दिवसापासून, कार्ड पोस्टाने हातात पडल्यापासून नव्हे. दहा दिवस तिथेच जातात. वार्षिक फी, व्याज, रोख उचल, बॅलन्स ट्रान्सफर (दुसऱ्या कार्डाची थकबाकी इकडे आणणं) यांतलं काहीही खर्चात धरत नाहीत. परत केलेल्या वस्तूची रक्कम वजा होते, म्हणून ५,००० वर न थांबता ५,३०० पर्यंत जा आणि शेवटचा आठवडा मोकळा ठेवा. ऑटोपे (बिल आपोआप भरायची सोय) लावताना 'मिनिमम ड्यू' (किमान रक्कम) नको, 'स्टेटमेंट बॅलन्स' (पूर्ण बिल) निवडा. ही एक खूण चुकली तर पुढचा सगळा हिशेब फसतो.

अर्जाची वेळही साधायची. गाडीचा सहा महिन्यांचा विमा, दाताच्या डॉक्टरचं मोठं बिल किंवा आगाऊ आयकराचा हप्ता (१५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी) येण्याआधी दोन आठवडे अर्ज करावा. आयकर कार्डाने भरला तर पावणेदोन ते दोन टक्के शुल्क पडतं. ३,००० डॉलरवर साधारण ५५. एरवी ते महाग आहे, पण बोनसची रक्कम गाठायला तेवढंच कमी पडत असेल तर मी ते भरायला सांगेन.

सरळव्याज :

पूर्ण असहमत. 'जो दरमहा पूर्ण भरतो' या अटीवर तुमचा सगळा डोलारा उभा आहे. पण बँक ही ऑफर देते ती माणूस कधीतरी चुकेल या भरवशावरच. प्रवासाचे पॉइंट देणाऱ्या कार्डांचा व्याजदर सहज २० टक्क्यांच्या वर असतो. २४ टक्के धरले तर ५,००० डॉलरची थकबाकी एका महिन्याला १०० डॉलर खाते. शिवाय एकदा थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दुसरं, तीन महिन्यांची मुदत हाच खरा गळ आहे. ४,२०० पर्यंत पोचलेला माणूस उरलेल्या ८०० साठी गरज नसलेला टीव्ही घेतो. तो टीव्ही तुमच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

एडिसनकर :

दोघांचंही वाचलं. ज्यांना करायचंच आहे त्यांनी क्रम तरी चुकवू नये. चेसचा ५/२४ नियम : गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकेची मिळून पाच किंवा अधिक नवी कार्डं तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर (कर्ज-परतफेडीच्या नोंदीत) दिसली, तर चेस सहसा नवं कार्ड देत नाही. म्हणून आधी चेस, मग बाकीचे. नवरा-बायकोत एकाच्या कार्डावर दुसऱ्याला 'ऑथराइज्ड यूजर' (त्याच खात्यावरचा जादा कार्डधारक) केलं की तेही दुसऱ्याच्या पाचांत मोजलं जातं. त्यापेक्षा दोघांनी वेगवेगळा अर्ज करून वेगवेगळा बोनस घ्यावा.

अमेक्सचं (अमेरिकन एक्सप्रेसचं) गणित निराळं. एका प्रकारच्या कार्डावर बोनस आयुष्यात एकदाच. म्हणून तिथे ऑफर चांगली वाढेपर्यंत थांबायचं. बोनस मिळणार नसेल तर अर्ज पूर्ण होण्याआधीच पडद्यावर सूचना येते. ती आली की मागे फिरा. गिफ्ट कार्डं घेऊन खर्चाचा आकडा गाठला तर अमेक्स तो खर्च मोजत नाही.

कॅपिटल वन ही बँक एका अर्जासाठी एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे चौकशी करते. तो अर्ज शेवटी ठेवा.

वाटसरू :

पॉइंट किती मिळाले यावर सगळे बोलतात, पण त्यांचं काय येतं? सूत्र साधं आहे : तिकिटाच्या रोख किमतीतून पॉइंटच्या तिकिटावर भरावा लागणारा कर वजा करा आणि पॉइंटांच्या संख्येने भागा.

समजा, मुंबईचं जाऊन-येऊन तिकीट ९०,००० पॉइंट अधिक २४० डॉलर कराला मिळतंय. डिसेंबरात तेच तिकीट रोखीने १,९०० ला असेल, तर एका पॉइंटचे १.८४ सेंट आले. सप्टेंबरात १,१०० ला असेल, तर ०.९६ सेंट. सफायरचे पॉइंट सरळ रोखीत घेतले तरी एक सेंट मिळतो! म्हणजे सप्टेंबरात पॉइंट वापरणारा तोट्यात.

आता चौघांसाठी लागतात ३,६०,००० पॉइंट. ७५,००० चे पाच बोनस. २५,००० डॉलर खर्च, पाच फिया आणि एकट्याने केलं तर ५/२४ संपलं. एवढं करूनही १८ डिसेंबरला एकाच विमानात चार पॉइंटच्या जागा क्वचितच सापडतात. म्हणून 'चौघांची वारी फुकट' असं कुणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. दोघांची तिकिटं पॉइंटवर, दोघांची रोखीने, इतपतच हे खरं आहे.

जमाखर्च :

@वाटसरू, सूत्र बरोबर आहे आणि सप्टेंबरचा मुद्दा मान्य. म्हणूनच पॉइंट सुट्ट्यांच्या गर्दीसाठी राखायचे. पॉइंटच्या जागा विमानाच्या तारखेआधी साधारण ३३० ते ३६० दिवस खुल्या होतात. डिसेंबरची वारी आदल्या जानेवारीत बांधायची म्हणजे बोनस त्याच्याही आधी खात्यात हवा.

कुठे बांधायचं यावर बरंच अवलंबून आहे. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात असल्याने तिच्या जागा एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या पॉइंट-कार्यक्रमातून घेता येतात. एरोप्लॅन भागीदार कंपन्यांच्या तिकिटांवर इंधन अधिभार लावत नाही. बुकिंगचं शुल्क म्हणून ३९ कॅनेडियन डॉलर घेतं, तेवढंच. पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅममार्गे जायचं असेल तर फ्लाइंग ब्ल्यू (एअर फ्रान्स-केएलएमचा पॉइंट-कार्यक्रम) पाहा. दर महिन्याला काही मार्गांवर त्यांची सवलत असते. याउलट लंडनमार्गे काही कार्यक्रमांत अधिभारच इतका लागतो की पॉइंट वाया जातात.

एक पक्का नियम : जागा पडद्यावर दिसल्याशिवाय चेसमधून विमान कंपनीकडे पॉइंट पाठवू नका. पाठवलेले परत येत नाहीत.

कोथरूडहून :

पॉइंट वर्षभर सांभाळून ठेवायचा सल्ला धोक्याचा वाटतो. पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, त्यांची किंमत समोरचा ठरवतो. भारतात ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डावर महिन्याला लाख रुपये खर्चले की २५,००० बोनस पॉइंट मिळत. १ सप्टेंबर २०२३ पासून ते बंद झाले आणि विमान कंपनीकडे पाठवण्याचं प्रमाणही पाचाला चारवरून पाचाला दोनवर आलं. एका दिवसात निम्मं! तिकडे युनायटेड एअरलाइन्सने २०१९ मध्ये स्वतःच्या विमानांचे ठरलेले पॉइंट-दर काढून टाकले. चेसनेही २३ जून २०२५ पासून नव्या सफायर ग्राहकांना बँकेच्या प्रवास-पोर्टलवर तिकीट काढताना पॉइंटला मिळणारा सरसकट सव्वा सेंटाचा दर बंद केला.

भारतात तर जॉइनिंग बोनसपेक्षा फी आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी आधी मोजावा लागतो. इथे बरेचदा बोनस म्हणजे फीचीच परतफेड असते. तिकडचे आकडे वाचून इकडे कार्डं काढू नयेत.

सरळव्याज :

घर घ्यायचा विचार असलेल्यांसाठी. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर दोन वर्षं राहते. फिको (कर्जदाराची पत मोजणारा स्कोअर) तिला १२ महिने मोजतं. एका अर्जाने फारसं बिघडत नाही, पण वर्षात चार नवी खाती दिसली की गृहकर्ज देणारा लेखी खुलासा मागतो. खात्यांचं सरासरी वयही खाली येतं. ४,००,००० डॉलरचं ३० वर्षांचं कर्ज साडेसहाऐवजी पावणेसात टक्क्यांनी मिळालं, तर हप्ता महिन्याला ६६ डॉलरने वाढतो. वर्षाला जवळजवळ ८००. एका बोनसची सगळी कमाई दरवर्षी त्यात जाते.

एडिसनकर :

@सरळव्याज, इथे सहमत. गृहकर्जाच्या आधी किमान वर्षभर एकही नवं कार्ड नको. पण बाकी भीती थोडी जास्त आहे. फिकोत नव्या कर्जाचं वजन १० टक्के, वेळेवर भरण्याचं ३५ आणि वापरलेल्या मर्यादेचं ३०. १०,००० मर्यादेच्या कार्डावर ५,००० खर्चलेत तर स्टेटमेंट निघण्याआधीच चार हजार भरून टाका. रिपोर्टवर ५० ऐवजी १० टक्के वापर दिसेल. बोनससाठीचा खर्च मात्र पूर्ण धरला जातो.

अक्षांश :

दोन गोष्टी कुणी बोललं नाही, आणि त्या आपल्याच लोकांच्या गळ्याशी येतात.

एक, 'बिझनेस कार्ड काढा, ते ५/२४ मध्ये मोजत नाहीत' हा सल्ला सर्रास दिला जातो. चेस आणि अमेक्सच्या बिझनेस कार्डांबाबत तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरही आहे. पण एच-१बी वर असलेल्या माणसाला मालकाबाहेर काम करायची मुभा नाही. धंदा नसताना अर्जात धंदा दाखवणं म्हणजे बँकेला खोटी माहिती देणं, आणि अमेरिकेत तो फेडरल गुन्हा आहे. धंदा दाखवला आणि तो खरा असेल, तर व्हिसाचा प्रश्न उभा. पाऊण लाख पॉइंटांसाठी हे पाऊल कुणीही टाकू नये. इथे मला मधला मार्ग दिसत नाही.

दोन, नवीन आलेल्यांनी पहिल्याच महिन्यात सफायरचा अर्ज करू नये. चेसला साधारण वर्षभराचा कर्जफेडीचा इतिहास हवा असतो. आधी बिनफीचं किंवा ठेव ठेवून मिळणारं कार्ड घ्या. अमेक्स नोव्हा क्रेडिट या कंपनीमार्फत भारतातला इतिहास पाहतं, तो रस्ता चांगला आहे. एच-४ वरच्या जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी काही बँका आयटिन (आयकरासाठीचा ओळख क्रमांक) घेतात. २१ वर्षांवरच्या अर्जदाराला घरातलं वापरायला मिळणारं उत्पन्न दाखवण्याची मुभा २०१३ पासून आहे. ते खोटं नाही, बिनधास्त लिहा.

तिन्हीसांज :

हे पॉइंट येतात कुठून, यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. दुकानदार प्रत्येक कार्ड व्यवहारावर दोन-तीन टक्के देतो आणि ते मालाच्या किमतीत घालतो. ती वाढीव किंमत रोखीने घेणाराही भरतो. बोस्टन फेडच्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या बोस्टन शाखेच्या) २०१० च्या अभ्यासात रोखीवर चालणारं सरासरी घर वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांना देतं आणि कार्डवाल्या घराला १,१३३ मिळतात असा हिशेब होता. आपल्या वारीचा काही भाग देसी दुकानात नोटा मोजून देणाऱ्या आजी भरतात. मला हे खुपतं.

जमाखर्च :

@तिन्हीसांज, आकडे खरे आहेत. पण मी कार्ड न घेतल्याने त्या आजींची किंमत एका सेंटनेही उतरत नाही. त्याला कायदाच लागतो. २०११ मध्ये डेबिट कार्डांवर दुकानदाराकडून घ्यायचं शुल्क २१ सेंट अधिक ०.०५ टक्क्यांवर बांधलं, तेव्हा मोठ्या बँकांचे डेबिट पॉइंट जवळजवळ संपले. क्रेडिटबाबतही तसं झालं तर मी त्या कायद्याच्या बाजूने असेन, माझे पॉइंट गेले तरी.

@अक्षांश, बिझनेस कार्डाबद्दल शंभर टक्के सहमत.

वाटसरू :

वर्ष संपल्यावर काय करायचं तेही लिहा. लोक तिथेच ९५ डॉलर घालवतात.

एडिसनकर :

पहिल्या वर्षात बंद करू नका. अमेक्सच्या अटींत तर १२ महिन्यांच्या आत बंद केल्यास बोनस परत घेण्याची तरतूद आहे. दुसऱ्या वर्षाची फी स्टेटमेंटवर पडली की साधारण ३० दिवस मिळतात, तेवढ्यात ठरवलं तर ती परत मिळते. सफायर बंद करण्याऐवजी फोन करून चेसच्याच बिनफीच्या फ्रीडम अनलिमिटेड कार्डात बदलून घ्या. खातं जुनंच राहतं आणि नवी चौकशी होत नाही.

कोथरूडहून :

यात एक मेख आहे. नुसतं फ्रीडम उरलं तर त्यातले पॉइंट विमान कंपनीकडे पाठवता येत नाहीत, एक सेंटाने रोखीत काढता येतात. त्यामुळे पॉइंट शिल्लक असताना कार्ड बदलायचं, तर आधी जोडीदाराच्या सफायरमध्ये हलवा. एका घरातल्या दोघांत चेस ते करू देतं. तसं सफायर घरात नसेल तर ९५ डॉलर आणखी एक वर्ष भरणं स्वस्त पडतं, पण शिल्लक २०,००० च्या वर असेल तरच.

सरळव्याज :

२०,००० पॉइंट रोखीत २००, विमानात १.८४ च्या दराने ३६८. फरक १६८, त्यातून ९५ गेले की ७३. तेही डिसेंबरची जागा मिळाली तर. मी रोख घेऊन मोकळा होईन.