मदत हवी आहे: उन्हाळा लागल्यापासून पोटॅश फेसावर येईना

मंडळी, नांदेडला एम.एस्सी. रसायनशास्त्राचा प्रकल्प करतोय. आपल्या शेतात पडणारं पोटॅश जवळपास सगळं परदेशातून येतं. कॅनडात सस्कॅचेवानच्या खाणींत ते मिठासोबत निघतं आणि फेसावर तरंगवून वेगळं करतात. तेच छोट्या प्रमाणावर करतोय.

कृषी सेवा केंद्रातलं लाल पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) आणि खडे मीठ दळून मिसळलंय. साध्या पाण्यात दोन्ही विरघळतील, म्हणून दोन्ही क्षारांनी आधीच संपृक्त केलेलं (आणखी विरघळणार नाही इतकं भरलेलं) पाणी वापरतो. कलेक्टर म्हणून, म्हणजे दाण्यांना चिकटून त्यांना फेसाच्या बुडबुड्यांवर चढवणारं रसायन म्हणून, ऑक्टाडेसिलअमाइन (अठरा कार्बनच्या साखळीचं अमाइन), आम्ल घालून गरम पाण्यात केलेलं. फेसासाठी पाइन ऑइल, हवा फिशटँकच्या पंपाची.

थंडीत मस्त चाललं होतं. पोटॅश वर, मीठ तळाला. आता लॅबमध्ये पारा चाळिशीला गेलाय (एसी फक्त ऑफिसात!) आणि फेस येतो तो रिकामाच. डोस वाढवून फार फरक नाही. दुसरं कोडं म्हणजे अमाइन न घालताही थोडं पोटॅश वर येतं. मॅडम म्हणतात, भांडी नीट धुतली नाहीत. धुतलीत हो!

शिवाय पोटॅशच वर का येतं, मीठ का नाही, याचं व्हायवात कारण काय सांगू? 1956 चं फ्युर्स्टेनाऊ या संशोधकांचं म्हणणं असं की अमाइनचं डोकं (भारित टोक) स्फटिकाच्या पृष्ठभागावर पोटॅशियमच्या जागेत बसतं, सोडियमच्या जागेत मावत नाही. अलीकडचे लोक पृष्ठभागावरच्या पाण्याकडे बोट दाखवतात.

प्रतिसाद १
भांडी स्वच्छच असतील. खताचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून दाण्यांवर बरेचदा अमाइन आणि तेलाचा हात फिरवलेला असतो. म्हणजे तुमचा कलेक्टर पोत्यातूनच येतोय. कोऱ्या (अमाइन न घालता केलेल्या) चाचणीला लॅबचं शुद्ध पोटॅशियम क्लोराइड घ्या.

उन्हाळ्याचं म्हणाल तर, या मिठाच्या पाण्यात अमाइन जेमतेम विरघळतं आणि ते बाहेर पडू लागतं त्याच सुमाराला तरंगणं सुरू होतं. पाणी तापलं की अमाइन विरघळून राहतं. म्हणूनच कारखान्यांत उन्हाळ्यात लांब साखळीचं (जास्त कार्बनचं) अमाइन वापरतात. अजून एक, सकाळी संपृक्त असलेलं पाणी दुपारी पोटॅशसाठी उपाशी होतं आणि तुमचा बारीक चुरा गिळतं. मिठाचं तसं होत नाही, त्याची विद्राव्यता तापमानाने फारशी हलत नाही.

व्हायवात दोन्ही सांगा, पण वजन पाण्याच्या बाजूला द्या. मिठाचा पृष्ठभाग पाण्याचे रेणू घट्ट धरून बसतो, अमाइनला शिरकाव नाही. पोटॅशच्या पृष्ठभागावर ती पकड ढिली असते.

धागाकर्ता
लई आभार दादा! वीस-बावीस कार्बनचं अमाइन संभाजीनगरला किरकोळीत मिळेल का?

प्रतिसाद १
अवघड वाटतं. त्यापेक्षा पहाटे लॅब उघडून घ्या, आणि पाणी त्याच वेळच्या तापमानाला नव्याने संपृक्त करून गाळा. दुपारचं वापरलंत तर थंड होताना पोटॅशचे स्फटिक पडतील आणि आकडे बिघडतील.