हँडेलचे ‘मेसाया’: भजनात वाढलेल्या बासने व्यावसायिक एकल गायकांबरोबर एकाच तालमीत कसे निभवावे?

फोंड्याचा बास

सर्वांना नमस्कार. मी लहानपणापासून देवळातल्या भजनात पखवाजाच्या शेजारी बसून गात आलो आहे. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या आग्रहाने पणजीतील एका हौशी कोयरमध्ये (पाश्चात्य पद्धतीच्या समूहगायकांच्या मेळ्यात) दाखल झालो आणि आवाज खालचा असल्याने मला बासमध्ये उभे करण्यात आले. येत्या डिसेंबरात आम्ही हँडेल या संगीतकाराच्या ‘मेसाया’ या ऑरेटोरिओचा (एकल गायक, कोयर आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या मोठ्या धार्मिक रचनेचा) पहिला भाग आणि शेवटी ‘हालेलुया’ असा कार्यक्रम एका जुन्या चर्चमध्ये करणार आहोत. कोयरमधील आम्ही सारे नोकरी-व्यवसाय सांभाळून गाणारे आहोत. सोप्रानो, अल्टो (स्त्रियांचे उंच व खालचे आवाज), टेनर आणि बास (पुरुषांचे उंच व खालचे आवाज) हे चार एकल गायक मात्र व्यावसायिक असून ते कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच येणार आहेत, म्हणजे त्यांच्याबरोबर आम्हाला एकच तालीम मिळेल.

माझी अडचण अशी की मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, वाचता येत नाही. ध्वनिमुद्रण ऐकून मी माझा पार्ट पाठ केला आहे. कोरस (कोयरने मिळून गायचा भाग) एकदा सुरू झाला की मी चुकत नाही, पण सुरू कधी करायचा तेच कळत नाही. मागच्या तालमीत आमच्यापैकीच एका बाईंनी सोप्रानोची रेसिटेटिव्ह (बोलण्याच्या ढंगाने गायचा एकल भाग) म्हटली, त्यांनी शेवटच्या शब्दांना जरा वेग दिला आणि ‘ग्लोरी टू गॉड’ या कोरसला अर्धा कोयर गप्पच राहिला. घरच्या माणसाबरोबर ही गत, तर परक्या गायिकेबरोबर काय होईल? दुसरे असे की, पैसे देऊन गायक आणल्याबद्दल कोयरमध्ये थोडी नाराजी आहे. वर्षभर मेहनत आम्ही करायची आणि मान त्यांना, असे काही जण बोलतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पर्वरीची अल्टो

तुम्ही नेमक्या जागेवर बोट ठेवले आहे. हौशी कोयर फसतो तो कोरसच्या मध्ये क्वचितच. तो फसतो सांध्यावर, म्हणजे एकल गायकाचे संपून आपले सुरू होते तिथे. आम्ही सारे आपापला पार्ट घोटतो आणि सांधे मात्र शेवटच्या तालमीवर सोडतो, जेव्हा त्यांच्यासाठी वेळच उरलेला नसतो.

‘ग्लोरी टू गॉड’चेच पाहा. मेंढपाळांच्या प्रसंगात सोप्रानोच्या लागोपाठ चार छोट्या रेसिटेटिव्ह आहेत. पहिली आणि तिसरी केवळ चेलो आणि हार्प्सिकॉर्ड किंवा ऑर्गनच्या आधाराने चालते आणि तिथे गायिका बोलण्याच्या लयीने हवी तशी पुढे-मागे होऊ शकते. आपल्याकडे आलापाला हार्मोनियमची साथ असते तसेच हे समजा. दुसरी आणि चौथी मात्र व्हायोलिनांसह आहे, आणि चौथीत व्हायोलिने सलग जलद स्वर वाजवत राहतात. म्हणजे कोरसच्या तोंडाशी लय आधीच ठरलेली असते, ती फक्त ऐकायची असते. तुमच्या तालमीत ती साथ नुसत्या कीबोर्डवर झाली असेल आणि वादकाने ते स्वर गाळून केवळ मोठे स्वर धरले असतील, तर कोयरला मोजायला काहीच उरले नसणार. पुढच्या वेळी वादकांना ते स्वर, निदान त्यांची लय तरी, वाजवण्याची विनंती करा आणि गायिकेचे शेवटचे दोन शब्द, ‘अँड सेइंग’, तुमच्या पुस्तकात कोरसच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवा. त्या शब्दांवर श्वास घ्यायचा आणि नजर कंडक्टरच्या हातावर ठेवायची, गायिकेकडे पाहायचे नाही. बासना तर इथे एक सवलतही आहे. सुरुवात वरचे तीन आवाज करतात, आणि ‘अँड पीस ऑन अर्थ’ या ओळीला टेनर आणि बास खालच्या पट्टीत येतात. तेवढ्या अवकाशात आपला स्वर मनात धरता येतो.

पहिल्या कोरसबद्दलही सांगते, कारण तो ‘अँड द ग्लोरी’ आम्हा अल्टोंनी उघडायचा असतो. त्याच्या आधी टेनरची रेसिटेटिव्ह आणि आरिया (एकट्याने गायचे गीत) होते. एका वर्षी आमच्याकडे आलेला टेनर इतका सुरेख गायला की आम्ही ऐकतच राहिलो, वाद्यांचे प्रास्ताविक मोजायचेच विसरलो आणि पहिली ओळ चार-पाच जणींनीच म्हटली. तेव्हापासून आमच्या मेस्तांनी (कोयरच्या गुरूंनी) नियम केला आहे की, शेवटच्या दोन महिन्यांत कोणताही कोरस एकटा म्हणायचा नाही. आधीच्या आरियाचे शेवटचे आठ बार (तालाचे विभाग) वाजवून, कोणीतरी ते गुणगुणून, मगच कोरस. एकल गायक कधीही येवोत, सांधा आपला असतो.

डिचोलीचा हार्मोनियमवादक

नोटेशन येत नाही याची खंत करू नका. इंग्लंडमध्ये 19व्या शतकात गिरणी आणि खाणकामगारांच्या ज्या कोयरनी हे ऑरेटोरिओ घरोघरी पोहोचवले, त्यांतील असंख्य गायक टॉनिक सोल्फा या अक्षरांच्या लिपीतून गात असत. तिच्यात ‘दो’ हा त्या त्या पट्टीचा आधारस्वर असतो, म्हणजे आपला षड्जच. (पोर्तुगीज पद्धतीच्या सोल्फेजात, म्हणजे स्वरनामांच्या शिक्षणात, ‘दो’ कायम एकाच जागी असतो, म्हणून चर्चच्या शाळेत शिकलेल्या तुमच्या सोबत्यांशी बोलताना गोंधळ होऊ शकतो.) मी माझा पार्ट सरगमात लिहून काढला आहे. ‘अँड द ग्लोरी’ ए मेजरमध्ये आहे; ए ला सा माना. ‘फॉर द माउथ ऑफ द लॉर्ड’ ही ओळ टेनर आणि बास प्रथम जवळजवळ एकाच लांब स्वरावर म्हणतात, आणि तो स्वर म्हणजे सा! तानपुऱ्याच्या तारेवर आवाज ठेवण्याची ज्याला सवय आहे त्याला ही ओळ कोणी शिकवावी लागत नाही.

त्याच कोरसमध्ये लय तीन मात्रांची आहे, पण ओळींच्या शेवटाला दोन बार मिळून सहा मात्रा होतात आणि त्या तीन-तीनऐवजी दोन-दोन-दोन अशा पडतात. दादऱ्यात हा खेळ तुम्ही हाताने करून पाहा. टाळ धरणाऱ्याला तो एका संध्याकाळी जमेल.

‘फॉर अंटू अस’मध्ये ‘बॉर्न’ या एका शब्दावर पन्नासेक स्वरांची तान आहे आणि ती चारही आवाजांना येते. हँडेलने ही चाल 1741च्या जुलैमध्ये दोन गायिकांसाठी लिहिलेल्या एका इटालियन गीतातून घेतली आणि थोड्याच आठवड्यांनी ती या कोरसला दिली. म्हणूनच इंग्रजीत ‘फॉर’ या किरकोळ शब्दावर नको इतका जोर येतो. तो शब्द हलका सोडा. तान मात्र हळू लयीत, प्रत्येक चौथ्या स्वराला किंचित वजन देऊन घोटा, आणि ज्या चर्चमध्ये गाणार आहात तिथे जाऊन एकदा म्हणून पाहा. उंच छताखाली आवाज रेंगाळतो आणि जलद स्वर एकमेकांत मिसळतात, तेव्हा कंडक्टरांना लय थोडी उतरवावी लागेल.

पेडण्याचा रंगकर्मी

संगीतातले मला फारसे कळत नाही, पण मानधनाच्या प्रश्नावर मला मनापासून काही सांगायचे आहे. आपल्या गावोगावी जत्रेला मराठी नाटके होतात. भूमिका करणारे गावचेच, नायिका मात्र अनेकदा बिदागी देऊन बाहेरून आणलेली, आणि तीही शेवटच्या एक-दोन तालमींनाच येणारी. माझ्या वडिलांनी अशा कितीतरी नाटकांत काम केले. नायिकेला पैसे मिळतात म्हणून गावातल्या नटाचा मान कमी झाला, असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. ते एवढेच म्हणत की, बाई येईल त्या दिवशी आपली वाक्ये आपल्याला पाठ असली पाहिजेत, कारण तिच्या वेळेची किंमत गावाने मोजलेली असते.

शिवाय, माझ्या वाचनाप्रमाणे 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनमध्ये झालेला ‘मेसाया’चा पहिला प्रयोगच धर्मादाय होता. त्याचे उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना आणि दोन रुग्णालयांना गेले. कोरस शहरातील दोन कॅथीड्रलांच्या गायकांचा, तर मुख्य स्त्री-आवाजांपैकी एक लंडनची नामांकित अभिनेत्री सुझाना सिबर यांचा होता. घरचे आणि पाहुणे हा मेळ या कृतीच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे.

फोंड्याचा बास

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. ‘अँड सेइंग’ हे शब्द आजच लिहून ठेवले. एक शंका उरते: एकल गायक आरियात पुनरावृत्तीच्या वेळी हरकती घेतात, तशा कोरसमध्ये आम्हीही घ्याव्यात का? भजनात ती सवय आहे आणि तोंडून आपोआप निघते.

पर्वरीची अल्टो

घेऊ नका. आरियात एक आवाज असतो, त्यामुळे दुसऱ्या फेरीला नटवणे ही त्या काळची रीतच होती. कोरसमध्ये बासची एक हरकत टेनरच्या स्वराशी भिडते आणि दोघेही बेसूर वाटतात. ती ऊर्मी आली की शेजारच्या बासचा आवाज ऐका आणि त्याच्याशी आपला स्वर जुळवा. आणि आदल्या दिवशीच्या तालमीत वेळ कमी पडला, तर कंडक्टरांना सांगून पूर्ण आरिया वगळा, पण सांधे एकूण एक करून घ्या.