मदत हवी आहे: सांगली गावभागाचे जुने नगर भूमापन नकाशे जोडताना

नमस्कार. पूररेषेच्या कामासाठी सांगलीच्या गावभागाचे जुने नगर भूमापन नकाशे स्कॅन करून मी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम ४३ उत्तर या सहनिर्देशक प्रणालीत बसवत आहे. देवळांचे व चौकांचे कोपरे नियंत्रणबिंदू (खरे स्थान माहीत असलेले बिंदू) धरल्यावर प्रत्येक पत्रक (नकाशाचा एक कागद) स्वतंत्रपणे नीट बसते, परंतु दोन पत्रकांच्या कडेवर एकाच घराची भिंत गल्लीत सरकते. थिन प्लेट स्प्लाइनने (नकाशा रबरासारखा जागोजागी ताणून बसवण्याच्या पद्धतीने) बिंदूंवरील फरक शून्य होतो, मात्र मधल्या मिळकतींचे क्षेत्रफळ बदलते, आणि ते मला मान्य नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोका पातळी ओलांडल्यावर कोणती घरे आधी रिकामी करायची, हे याच नकाशावर पाहिले जाणार आहे. पत्रके आधी एकमेकांना जोडून एकत्रित पहिल्या श्रेणीचे पॉलिनोमियल रूपांतर (संपूर्ण नकाशा एकाच सूत्राने सरकवणे, फिरवणे व ताणणे) करावे, की कडेवरच डीजीपीएसने (उपग्रहावर आधारित अचूक मोजणी यंत्राने) नवे बिंदू मोजावेत? असे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.