गावच्या वाचनालयासाठी राजकारण, अर्थकारण आणि समाज यांवरील कोणते अभ्यासग्रंथ घ्यावेत?

प्रश्न (वाचनालयाचे ग्रंथपाल, दारव्हा तालुका)
आमच्या वाचकांत कास्तकार, शिक्षक आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली आहेत. कादंबऱ्या, चरित्रे आणि मार्गदर्शक पुस्तके भरपूर आहेत; परंतु कापसाचा भाव कोठे ठरतो किंवा बियाण्यांचे धोरण कोण आखते, असे कोणी विचारले तर हाती देण्याजोगा ग्रंथ नाही. विद्यापीठीय प्रकाशने महाग आणि बहुधा इंग्रजीत असतात, म्हणून मोजकीच घेता येतील. कोणता ग्रंथ आपल्या भागातील वाचकाला का उपयोगी पडेल, तेही कृपया लिहावे.

उत्तर (अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, अमरावती)
स्वेन बेकर्ट यांचा 'एम्पायर ऑफ कॉटन' (२०१४) आधी घ्यावा. कापसाच्या जागतिक व्यापारातून त्यांनी भांडवलशाहीचा इतिहास मांडला आहे आणि त्यात आपला वऱ्हाड येतो. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात तिकडचा कापूस अडल्यावर इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांची मागणी इकडे वळली. आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तेव्हा त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. आपल्या बाजारपेठा अशा घडल्या, हे गावातल्या मुलांना कळलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. लक्ष्मण सत्या यांचा 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' जुना (१९९७) असला तरी सोबत ठेवावा. कापसाने समृद्ध म्हणवल्या जाणाऱ्या याच मुलखाला १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ इतके का भोवले, हे त्यावाचून समजणार नाही.

उत्तर (कृषी पदवीधर, वर्धा जिल्हा)
सरांशी सहमत आहे, पण वाचक आजचे प्रश्न घेऊन येतो. त्यासाठी अनिकेत आगा यांचा 'जेनेटिकली मॉडिफाइड डेमोक्रसी' (२०२१) सुचवतो. जनुकीय बदल केलेल्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तर बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती; हे निर्णय शास्त्रज्ञ, मंत्रालये, कंपन्या आणि आंदोलक यांच्या ओढाताणीतून कसे होतात, याचा तो अभ्यास आहे. कृषी सेवा केंद्राचा दुकानदारच शेतकऱ्याचा सल्लागार कसा बनतो, याचे त्यातील विवेचन महाराष्ट्रातील असल्याने आपल्या कास्तकारांना लगेच पटेल.

उत्तर (महाविद्यालयीन शिक्षिका, पुसद)
खर्चाचा विचार करता दोन गोष्टी सांगते. डॉ. आंबेडकरांचा लहान शेतजमिनींवरील १९१८ चा निबंध महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र साहित्याच्या पहिल्या खंडात आहे. जमिनीचे तुकडे जोडण्यापेक्षा शेतीवरचे जादा मनुष्यबळ उद्योगांत नेणे हा त्यांनी सुचवलेला उपाय नव्या ग्रंथांशेजारी ठेवून वाचावा. दुसरे, 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातील विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध विनामूल्य मिळतात आणि त्यांत मराठीतीलही आहेत.

प्रश्नकर्ते
सर्वांचा आभारी आहे. बेकर्ट आणि आगा यांचे ग्रंथ या वर्षी मागवतो. सत्यांचा जुना ग्रंथ कोठे मिळेल, ते सरांनी कळवावे. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांनी एकेका प्रकरणाचा मराठी सारांश लिहून तो ग्रंथासोबतच ठेवावा, असे ठरवत आहे. पुसदच्या ताई पहिले एक-दोन सारांश तपासून देतील का?