सिरोंच्याचे सागवान नदीतून समुद्रकाठापर्यंत कसे जात असे?

नागकाठचा रहिवासी, नागपूर:
आपल्या नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. माझे आजोबा गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याच्या वाटेवरच्या आलापल्लीला लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनीम होते. जुन्या काळी तिकडचे सागवान याच प्रवाहातून आंध्रातल्या राजमहेंद्रीला जात असे, असे ते सांगत. परंतु ओले सागवान पाण्यात बुडते ना?

वनविद्येचा विद्यार्थी:
आपली शंका रास्त आहे. ताजे तोडलेले सागवान इतके जड असते की ते नीट तरंगत नाही. म्हणूनच ब्रह्मदेशात झाडाच्या बुंध्याभोवती खोलवर वलय कापून ते दोन-तीन वर्षे उभेच वाळू देत आणि मग तोडत. ओंडक्यांना बांबूच्या मोळ्या बांधल्या, तर त्यानेही तराफ्याला मोठा आधार मिळतो.

भूगोल शिक्षक (निवृत्त):
यात नदीचा उतार आणि तिचा खडक, दोन्ही पाहावे लागतात. चपराळ्याजवळ वर्धा व वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि सुमारे ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्यासमोर, कालेश्वरला, गोदावरीत मिसळते. थोडे खाली सोमनूरला इंद्रावती येते. पुढे पापीकोंडलूची अरुंद दरी ओलांडल्यावर राजमहेंद्री लागते, आणि धवळेश्वरम् नंतर गौतमी व वसिष्ठा असे फाटे फुटून त्रिभुज प्रदेश सुरू होतो. १८५२ साली तेथे आर्थर कॉटन यांचा बंधारा पूर्ण झाला व कालव्यांतून नावा चालू लागल्या, त्यामुळे राजमहेंद्रीला उतरलेल्या लाकडाला किनाऱ्यापर्यंत वाट मिळाली.

वरच्या अंगाला मात्र खडकांवरून वेगाने धावणाऱ्या उथळ पाण्याने नावांची वाट अडवली होती. ब्रिटिशकालीन मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांना विदर्भाचा कापूस याच नदीने समुद्रावर न्यायचा होता. गोदावरीवरच्या दुम्मागुडेमला त्यासाठी बांधकामही झाले, पण १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. मला वाटते, तराफ्याचे तसे नव्हते: त्याला प्रवाहाविरुद्ध परतायचे नसते आणि पाणी चढेपर्यंत तो काठाला थांबू शकतो. म्हणून जिथे कापूस अडला, तिथून सागवान गेले.

बल्लारपूरकर:
ही वाट रेल्वेने बदलली. १९२९ मध्ये बल्लारशाह-काझीपेठ मार्ग पूर्ण झाल्यावर दिल्ली आणि मद्रास जोडले गेले, आणि लाकडाला नदीच्या उताराचे बंधन राहिले नाही. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी आमच्या लाकूड आगारातून सागवान निघाले, ते उत्तरेकडे.