काजूच्या वेचणीत रंग आलेले बोंडू झाडावरून का तोडू नयेत?

प्रश्न

नमस्कार. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही पुण्याहून वेंगुर्ले तालुक्यातील एका मित्राच्या घरी आठवडाभर राहिलो आणि रोज सकाळी त्यांच्या काजूच्या बागेत वेचणीला गेलो. काम लवकर उरकावे म्हणून पहिल्याच दिवशी मी आणि माझ्या मुलीने हाताला येतील ते लाल-पिवळे बोंडू, म्हणजे ज्यांच्या टोकाला काजूची बी असते ती रसाळ फळे, तोडून टोपली भरली. मित्राच्या आई, म्हणजे आमच्या काकी, रागावल्या नाहीत. पण ती टोपली त्यांनी वेगळी ठेवली आणि त्यातील बी विक्रीच्या मालात मिसळू दिली नाही. घरातील पाच माणसे ज्या मालासाठी उन्हातान्हात राबतात, त्यात आपल्यामुळे खोट येऊ नये असे मनापासून वाटते. रंग आला म्हणजे बी तयार झाली असे नसते का? शिवाय चीक लागून मुलीच्या बोटांची साल गेली होती. तो चीक नेमका कोठून लागतो?

उत्तर १ (सावंतवाडी तालुका)

काकींनी योग्य तेच केले. बोंडवाचा रंग हा बी पक्व झाल्याचा भरवशाचा पुरावा नव्हे. बी आधी मोठी होते, हिरवी असतानाच पूर्ण आकार घेते आणि नंतर घट्ट होत राखाडी पडते, तर बोंडू शेवटच्या काही दिवसांत झपाट्याने फुगतो. त्यामुळे देखण्या रंगाच्या बोंडवाखालीही कोवळी बी असू शकते आणि तिचा गर वाळल्यावर आकसतो. आपोआप गळून पडलेल्या बोंडवाची बी मात्र तयार असते. शंका असेल तर बी पाण्यात टाकून पाहावी: भरलेली बुडते, पोकळ तरंगते.

हंगाम सुरू होण्यापूर्वी झाडाखालचा पालापाचोळा झाडून काढण्यात आमच्या घरचे कितीतरी दिवस जातात, कारण स्वच्छ जमिनीवरच बी नजरेस पडते. बोंडू एका हातात धरून बी पिरगळली की ती सुटते. बोंडवाचा गर तिला चिकटून राहू देऊ नये, नाहीतर बुरशी येते. मग खळ्यात दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे लागते. वाळलेली बी हलवली की आत गर खुळखुळतो. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या येथील फळ संशोधन केंद्राच्या जातींची बी चांगली टपोरी असल्याने तिला ऊन देण्यात घाई करू नये.

उत्तर २ (सत्तरी, गोवा)

आमच्याकडेही जुनी माणसे गळलेलेच बोंडू घेतात, आणि त्याला बीइतकेच रसाचे कारण आहे. पूर्ण पिकलेल्या बोंडवाचा रस गोड असतो. तो आंबवून भाटीवर, म्हणजे दारूच्या भट्टीवर, पहिल्यांदा गाळला की हुर्राक मिळतो आणि पुन्हा गाळला की फेणी. पडलेला बोंडू उन्हात लवकर नासतो, म्हणून वेचणी रोजची. टोकाला खिळा लावलेल्या काठीने बोंडू टोचून उचलले की दिवसभर वाकावे लागत नाही. आपल्या काकींच्या कंबरेसाठी अशी एक काठी यंदा अवश्य करून न्यावी.

उत्तर ३

चिकाविषयी लिहितो. तो बोंडवात नसतो, बीच्या दुहेरी टरफलामध्ये असतो, आणि कोवळ्या हिरव्या बीतून तो अधिक सहज बाहेर येतो. म्हणजे झाडावरून तोडलेल्या बियांनीच मुलीची बोटे पोळली असण्याची शक्यता मोठी. काजू हा आंबा आणि बिब्बा यांच्याच कुळातला, त्यामुळे ज्याला बिब्बा उततो त्याने विशेष जपावे. हातांना आधी खोबरेल तेल चोळावे, काम झाल्यावर साबणाने धुवावे आणि तोपर्यंत डोळ्यांना हात लावू नये. उसळीसाठी ओले काजूगर काढायचे असतील, तर ते काम मुलीकडे न देता काकींच्या सरावलेल्या हातांकडेच राहू द्यावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. खिळ्याची काठी आजच करायला घेतली आहे. मुलीला यंदा फक्त जमिनीवरची वेचणी आणि खळ्यातील बिया उलटण्याचे काम देणार आहे.